वासाचा रकाना

मुलाखतीत मॅडमनी शेवटचा प्रश्न विचारला, "नाक कसं आहे तुमचं?"

मी म्हटलं, "उत्तम."

धडधडीत खोटं बोलले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मला ताप आला होता. ताप पाच दिवसांत उतरला, पण तेव्हापासून मला कशाचाच वास येईनासा झाला. फोडणीचा नाही, उदबत्तीचा नाही, उतू गेलेल्या दुधाचाही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. नवरा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला, तो म्हणाला, बरंय की, माझ्या मोज्यांवरून कटकट तरी बंद होईल. मी हसले आणि त्यानंतर तो विषयच घरात काढला नाही. तीन वर्षं झाली तरी वास काही परत आला नाही.

आणि नोकरी मागायला गेले ती नेमकी वासाच्या ठिकाणी! नाशिकबाहेर द्राक्षबागांच्या वाटेवर एक लहानशी खासगी लॅब आहे. वाइन करणाऱ्यांना यीस्ट निवडून द्यायचं हे तिथलं काम. यीस्ट म्हणजे द्राक्षाच्या सालीवर राहणारा, डोळ्यांना न दिसणारा जीव. रसातली साखर खातो आणि तिची दारू करतो. पण सगळी यीस्टं सारखी नसतात. एकाला दारू सोसते, दुसरं दारू वाढली की मान टाकतं. एक रसाला केळ्यासारखा वास देतं, दुसरं तोच रस कुजक्या अंड्यासारखा करून टाकतं. आमच्याकडे अशी चाळीस यीस्टं होती, कुठकुठल्या बागांतून गोळा केलेली. प्रत्येकाला नंबर दिलेला. त्यांची एकमेकांशी तुलना करून त्यातली चार-पाच पुढे पाठवायची आणि बाकीची नापास करायची.

मी लग्नाआधी चार वर्षं लॅबमध्ये काम केलेलं. मग लेक झाली, मग सासूबाईंचं अंथरूण, मग लेकीचं शिक्षण, लग्न. पंचवीस वर्षं मी काचेच्या बशीला हात लावला नव्हता. पगार नको होता असं नाही म्हणणार, कोणाला नको असतो? पण त्या मुलाखतीच्या दिवशी कोपऱ्यात बर्नरची निळी ज्योत जळताना दिसली आणि मला वाटलं, ही नोकरी मिळाली नाही तर मी आता घरात बसून वेडी होईन. म्हणून खोटं बोलले. एक वर्ष तात्पुरती नेमणूक आणि काम पसंत पडलं तर कायम, असं ठरलं. लॅब चालवणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण कडक. नोंदवहीत खाडाखोड दिसली तरी त्यांचा चेहरा बदलायचा.

त्या नोंदवहीत प्रत्येक यीस्टसमोर रकाने होते. वाढ किती, फेस किती, दारू किती सोसते. आणि शेवटचा रकाना वासाचा.

पहिले तीन आठवडे मी तो रकाना अंदाजाने भरला. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण भरला. रसाची बाटली गोल फिरवायची, नाक लावायचं, विचारात पडल्यासारखं करायचं आणि लिहायचं, 'फळाचा', 'आंबट', 'कुजका'. सगळ्यांनाच 'फळाचा' लिहिलं तर संशय येईल म्हणून मध्ये मध्ये एखादा 'कुजका'. काय म्हणावं माझ्या अकलेला!

मला पकडलं ते मावशींनी. मावशी म्हणजे आमच्याकडे काचसामान धुणाऱ्या बाई, पेठच्या डोंगरातल्या. वय साठीकडे झुकलेलं, अंगाने काटक. लॅबमध्ये आम्ही इनमीन तिघी, मॅडमही त्यांना मावशीच म्हणत. मी लागले तेव्हा त्या सुनेच्या आजारपणासाठी गावी होत्या, तीन आठवड्यांनी परत आल्या. आल्या त्याच दिवशी मी एका बाटलीत नाक घालून उभी होते. त्या मागून बादली घेऊन आल्या आणि एकदम पदर नाकाला लावून दोन पावलं मागे सरकल्या. मी आपली शांतपणे वहीत लिहीत होते, 'फळाचा'.

त्या बादली घेऊन पुढे गेल्या. दुपारी डबा खाताना जवळ येऊन बसल्या.

"ताई, तुमाला वास येत नाय ना?"

मी हातातला घास खाली ठेवला. "कोणाला सांगू नका, मावशी. माझी नोकरी जाईल."

"मी कशाला सांगू? माझ्या काय पोटात दुखतंय?" त्यांनी माझ्या डब्यात नागलीच्या भाकरीचा तुकडा ठेवला. "पण त्या बाटलीला फळाचं नका लिहू. गटारीवानी घाण येतीया ती."

मी जाऊन ती नोंद खोडली. खाडाखोड बघून मॅडम दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

त्या दिवसापासून आमचं ठरून गेलं. मी बाटली फिरवायची, नाक लावायचं नाटक करायचं आणि बाजूला ठेवायची. मावशी धुण्याच्या निमित्ताने ती उचलायच्या, हुंगायच्या आणि हळूच सांगायच्या. त्यांचे शब्द मॅडमच्या यादीत बसणारे नव्हते. "ही मोहाच्या फुलावानी." "ही शिळ्या ताकाची." "ही बघ, भिजल्या कुत्र्याची." मी तोंड दाबून हसायचे आणि त्याचं 'फुलाचा', 'आंबट' वगैरे करून लिहायचे. दोन बाटल्यांच्या मध्ये त्या स्वतःचा पदर हुंगायच्या. का, तर म्हणे नाक धुऊन निघतं. हळूहळू त्या मला 'अगं' म्हणायला लागल्या आणि मलाही ते आवडायला लागलं. माझ्या आईच्या पश्चात मला असं 'अगं' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

दहा महिने बिनबोभाट गेले. वर्ष भरायला आलं.

आमच्याकडे तुलनेची एक जुनी पद्धत होती, मखमलीची. एका बशीत चाळीसही यीस्टांचे बारीक बारीक ठिपके वाढवायचे. मग लाकडी ठोकळ्यावर मखमलीचा निर्जंतुक तुकडा ताणून बांधायचा आणि ती बशी त्यावर हलकेच दाबायची. मखमलीच्या लवेवर प्रत्येक ठिपक्यातलं थोडं थोडं यीस्ट उतरतं. आता तोच ठोकळा एकेका नव्या बशीवर दाबत जायचं. एका बशीत दारू जास्त, एकीत गंधकाचं औषध, एकीत साखर अतोनात. दोन दिवसांनी बघायचं, कोण कुठे उगवलं, कोण कुठे मेलं. शेवटची बशी मात्र साधी, तिच्यात कसलाच त्रास नाही. तिच्यात सगळे ठिपके उगवले म्हणजे छाप नीट उमटला होता असं समजायचं. बशीच्या कडेला बाणाची खूण करायची, नाहीतर बशी फिरते आणि कोणाचा नंबर कोणाला लागेल याचा पत्ता लागत नाही.

ही मखमल मी मेनरोडवरून आणायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, "देवाच्या आसनाला का, ताई?" मी म्हटलं, "नाही हो, यीस्टच्या." तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. मावशींचंही मत त्या दुकानदारासारखंच होतं. मखमल म्हणजे देवाचं कापड. ते त्या इतर फडक्यांबरोबर धूत नसत, जमिनीवर ठेवत नसत. धुऊन, वाळवून, कागदात बांधून आम्ही ते तुकडे वाफेवर निर्जंतुक करायचो आणि मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचो.

आषाढात मावशी भाताच्या आवणीसाठी, म्हणजे लावणीसाठी, आठ दिवस गावी गेल्या. मॅडमही कामासाठी बाहेरगावी होत्या. हंगामाच्या आधी अखेरची निवड करायची होती आणि मखमलीचा शेवटचा फेरा माझ्यावर सोपवलेला होता. तो नीट पार पडला की माझं कायम व्हायचं पत्र निघणार, असं मॅडमनी जाताना सुचवलंही होतं.

पहिला फेरा केला. दोन दिवसांनी बघते तर साध्या बशीतसुद्धा निम्मे ठिपके गायब, उरलेले किरटे. वाटलं, माझा हात हलका पडला असेल. दुसऱ्यांदा केला, तेच. वाटलं, पाणी बिघडलं. पाणी बदललं. बशीत थिजवायच्या अगारचा नवा डबा उघडला. तिसऱ्यांदाही तेच! मी अक्षरशः मेटाकुटीला आले. बशांवर ओरडले, नवऱ्यावर ओरडले, भाजीवाल्यालाही नाही सोडलं. निकाल काही सुधारेना.

मॅडम परत आल्या त्या सकाळी मी चौथ्या फेऱ्याची तयारी करत होते. त्या दारातच थांबल्या. नाकाचा शेंडा वर करून त्यांनी दोनदा श्वास घेतला, तडक कपाटाकडे गेल्या आणि मखमलीचा डबा उघडला. कागदी पुड्यांच्या खाली, अगदी तळाशी, कापराच्या वड्या पसरलेल्या होत्या. चांगल्या मूठभर.

कसर लागू नये म्हणून. पावसाळ्यात घरातल्या भरजरी साडीत आपण घालतो तशा मावशींनी निघण्याआधी देवाच्या कापडात कापूर घालून ठेवला होता. आणि कापराची वाफ कागदातून आरपार मखमलीत मुरली होती. त्या वासाने यीस्टचा जीव दबतो. चाळीसही ठिपके तीनदा मी कापरावर दाबले होते.

मॅडमनी माझ्याकडे वळून पाहिलं. "अख्खी लॅब देवळासारखी दरवळतेय. आठ दिवस तुम्ही हा डबा उघडताय. तुम्हाला कळलं नाही?"

मी डब्यात वाकून पाहिलं.

"सर्दी झालीये का?"

किती सोपं होतं! फक्त मान हलवायची होती. मी मान हलवणारच होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुमची सर्दी असेल तर ठीक आहे. पण मावशींचं मला आता काहीतरी करावंच लागेल. आल्या की त्यांचा हिशोब करून टाकू. असं काम नाही चालणार मला."

मी हातातला ठोकळा खाली ठेवला. मी म्हटलं, "सर्दी नाही. मला वासच येत नाही, मॅडम. कोरोनापासून. मी तुमच्याशी खोटं बोलले होते. मावशी इथे असत्या तर त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं असतं. त्यांना काढू नका."

मॅडम स्टुलावर बसल्या. मग त्यांनी नोंदवही ओढली आणि वासाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "मग हे कोणाचं?"

"मावशींचं. त्या हुंगायच्या, मी लिहायचे."

खरं होतं, पण सगळं नव्हतं. पहिल्या तीन आठवड्यांचं मी बोलले नाही. हिंमतच झाली नाही.

मॅडम म्हणाल्या, "वर्षभराची वही अशा वासावर उभी आहे, जो कोणी घेतला ते वहीत नाही. यातलं काय खरं मानू मी? चाळीसच्या चाळीस पुन्हा तपासायची. तोवर तुमच्या पत्राचं बोलू नका."

मावशी परतल्या. त्यांना मी दारातच गाठून सगळं सांगितलं. कापराचं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "आगं माझ्या बाई! देवाचं म्हणून घातला गं मी! तुझ्याच जिवावर उठला की!" मी म्हटलं, "जाऊ द्या, मावशी, आता फक्त नाक सांभाळा."

तपासणी मॅडमनी स्वतः घेतली. बाटल्यांवरचे नंबर झाकून वेगळ्याच चिठ्ठ्या लावल्या. प्रत्येक बाटलीच्या तोंडाशी औषधाच्या कागदाची पट्टी अडकवली. कुजक्या अंड्याचा वास असला की ती पट्टी काळी पडते, म्हणजे नाकाला साक्षीदार. मला त्यांनी खोलीच्या पार टोकाला बसवलं. मावशी पदर खोचून एकेक बाटली हुंगणार आणि मॅडम लिहिणार. मग चिठ्ठी काढून जुन्या वहीशी ताडून बघायचं.

मॅडमनी वहीच्या शेवटच्या नोंदींपासून मागे यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी बारा बाटल्या झाल्या आणि बाराही जुळल्या. जिथे मावशी "घाण" म्हणाल्या तिथे पट्टी काळी. दुसऱ्या दिवशी आणखी बारा. मॅडमच्या कपाळावरची आठी सैल होत गेली. एका बाटलीला मावशी म्हणाल्या, "ही भिजल्या कुत्र्याची," आणि मॅडमना चक्क हसू आलं. मी तेवढी कोपऱ्यात बसून घामाघूम होत होते. कारण राहिलेली सोळा यीस्टं कुठली ते मला ठाऊक होतं. त्यातली अकरा माझ्या पहिल्या तीन आठवड्यांतली होती. रात्री नवऱ्याने विचारलं, काय गं, जेवत का नाहीस? मी म्हटलं, भूक नाही.

तिसऱ्या दिवशी मावशींनी एक बाटली उचलली, हुंगली आणि तिथेच थांबल्या. पदर हुंगला आणि परत बाटली हुंगली.

"ही चांगली हाय," त्या म्हणाल्या. "लय चांगली. आतापरतूरच्या सगळ्यांत चांगली."

पट्टी पांढरीशुभ्र होती. मॅडमनी चिठ्ठी काढली. खाली नऊ नंबर. सायखेड्याच्या एका बागेतलं यीस्ट. त्यांनी जुनी वही उघडली. तिथे माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'कुजका. नापास.'

मॅडमनी मावशींकडे पाहिलं. "हे तुम्ही सांगितलं होतं?"

मावशी गोंधळल्या. "नाय. ही तर मी आजच बघत्ये."

मी उठून उभी राहिले. "त्यांनी नाही. त्या तेव्हा गावी होत्या. ते मी अंदाजाने लिहिलंय. नऊ नंबर आणि आणखी दहा. पहिले तीन आठवडे मी सगळं मनानेच लिहीत होते."

मॅडमपेक्षा मावशींच्या चेहऱ्याकडे बघणं मला जड गेलं. त्यांनाही हे माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, त्या पहिल्या दिवशी मी एकाच बाटलीला चुकले.

"न हुंगताच नापास केलीस?" त्या हळूच म्हणाल्या. "अगं, तिनं काय केलं होतं तुझं?"

मी पर्स उचलली. मॅडमना म्हटलं, "उद्यापासून येत नाही मी. वहीत जिथे जिथे मनाने लिहिलंय तिथे खूण करून देते, म्हणजे तुम्हाला त्रास नको."

"बसा," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेलाच होता. "कोणी जा म्हणालं का तुम्हाला? वहीची घाण करायची आणि वर रुसून निघायचं? बसा खाली."

मी बसले.

"ती अकरा तुम्हीच परत करायची. मखमलीचे फेरेही. कायम व्हायचं पत्र या वर्षी मिळणार नाही, पुढच्या वर्षी बघू. आणि वासाचा रकाना आजपासून दोन भागांत करायचा. एक तुमचा, एक मावशींचा, त्यांचं नाव घालून. तुमच्या भागात जे खरं आहे ते लिहायचं. दर वेळी." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "वास येत नाही हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी तुम्हाला घेतलं असतं का, ते मला माहीत नाही. पण नऊ नंबरचं आज तुम्ही आपण होऊन सांगितलंत."

त्यांनी फूटपट्टीने रकान्यात उभी रेघ मारली आणि वही माझ्याकडे सरकवली. मावशी अजून ती बाटली हातात घेऊन उभ्या होत्या.

"सांगा मावशी," मॅडम म्हणाल्या. "कसला वास? फळाचा की फुलाचा?"

"दोन्ही नाय." मावशींनी डोळे मिटून पुन्हा एकदा श्वास घेतला. "न्हाऊ घातलेल्या बाळाच्या टाळूचा."

"असा प्रकार नाही आपल्या यादीत."

"नसू दे. पण तसाच हाय."

मॅडमनी सुस्कारा सोडला. "बरं. लिहा तसंच."

माझ्या हातात पेन होतं, पण मला लिहिता येईना. ही नोकरी लागायच्या आधीच्या थंडीत माझ्या लेकीचं बाळंतपण मी केलं होतं. सव्वा महिना रोज नातीला पायांवर घेऊन तेल चोळलं, न्हाऊ घातलं, टाळूवर तेल जिरवलं. घरात जो येईल तो तिला उचलून हुंगायचा. मीही तिच्या टाळूला नाक लावायचे आणि लेकीला म्हणायचे, "अगं बाई, काय गोड वास येतोय हिचा!" लेक किती खूश व्हायची. तेही खोटंच होतं आणि ते आजवर कोणाला कळलेलं नव्हतं. मी मावशी आणि मॅडमच्या समोर ढसाढसा रडले. मावशी बाटली खाली ठेवून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मॅडमही तिथून उठल्या नाहीत.

मग मी डोळे पुसले आणि नऊ नंबरसमोर आधी माझ्या भागात लिहिलं, 'मला वास येत नाही.' आणि शेजारी, मावशींच्या नावाखाली, त्या म्हणाल्या तसंच.